नागवली बंदरात बघण्यासारखं

नागवली बंदरात बघण्यासारखं लई हाय, असं आमचे जावई ज्याला त्याला सांगत असतात. काय काय हाय ते मीच सांगते, कारण त्यांनी मला दाखवलं तेवढं कोण्या जावयानं कोण्या सासूला दाखवलं नसंल. दिव्याचा मनोरा हाय. मिठागरं हायत. सुरूचं बन हाय, टेकडीवर भगवतीचं देऊळ हाय, समुद्रात किल्ला हाय. अन् रोज संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडतो. तो बघायला मला वाळूतून पाय ओढत नेलं. मी म्हणले, "जावईबापू, आमच्या परतुराकडं काय हा वरच लटकून राहतो का?"

ते हसले. हसू द्या. मी काय सूर्य बघायला गेल्ते का? मी माझी लेक आणायला गेल्ते.

लेक म्हणजे नंदा, माझं शेंडेफळ. पहिलटकरीण. सातवा लागला की माहेरचं माणूस जातं अन् पोरीला घेऊन येतं, पहिलं बाळंतपण मायच्या घरी होतं, ही काय मी काढलेली रीत न्हाई. पोरगी जवळ दिली असती तर गाडीत गोधड्या टाकून दुपारपावतर आणली असती. पण आमचे रामराव पडले शिकलेले. घर जुन्या जालन्यात, शिक्षण पुण्यात, अन् नोकरी कुठं, तर जिथं जमीन संपते तिथं, नागवलीच्या शाळेत. मी लग्नातच विचारलं होतं, "जालन्याला शाळा न्हाईत का?" तर म्हणाले, "आई, तिकडची हवा चांगली हाय." हवा काय भाकरीबरोबर खायची असती का?

वरीस ते निजामाच्या राज्याचं शेवटलं. शेवटलं हाय हे तवा कोणाला माहीत! आमच्या मुलखात दिवस लई वाईट होते. रझाकारांची धास्ती होती. कोण कधी येईल अन् काय मागंल, नेम नव्हता. लोकं लेकीसुना घेऊन हद्दीपार जाऊन राह्यले होते. मी म्हणले, जायाचं त्यानं जावं. नवरा गेल्यावर हे घर मी उभं ठेवलं, गडी मी राखले, पुंजारामला मी वाढवलं. मला माझ्या उंबऱ्यावरून हलवणारा अजून जन्मला न्हाई.

फाल्गुनात एक टोळकं आमच्या गावात आल्तं. बंदुका होत्या. धान्य मागत होते. आमचा पुंजाराम मान खाली घालून कणगीकडं निघाला बी. मी दारात आडवी उभी राह्यले अन् त्यातल्या मिशीवाल्याला विचारलं, "तुझ्या मायनं नऊ महिने तुला वागवला, तवा तिला ठाऊक होतं का रे, की हा मोठा होऊन म्हाताऱ्या बायांच्या कणग्या उपसणार हाय?" अजून बी बोलले, ते इथं सांगत न्हाई. त्यानं बंदूक वर केली. तेवढ्यात आमचा शेजारी पाशामियाँ धावत आला अन् हात जोडून त्याला म्हणला, "जाने देव भाईजान, बुड्ढी पागल है. इसका दिमाग ठिकाने पे नै." सगळे हसले. जवारी भरून घेतली अन् गेले.

मला पागल म्हणला! ह्याच्या बायकोची, लालबीची, पोरं माझ्या हातावर जन्मली, अन् मी पागल! त्या दिवसापासून मी पाशामियाँशी बोलणं टाकलं. तो येता-जाता "अम्मा, सलाम" म्हणायचा. मी भिंतीकडं बघायचे.

अन् मंग थोड्या दिवसांनी पुंजाराम गोड बोलायला लागला. "माय, नंदाला आणायला तूच जा. दुसऱ्या कोणाबरोबर रामराव धाडायचे न्हाईत." मी म्हणले, हे बराबर हाय. "सोबतीला कचरूला घेऊन जा." कचरू आमचा जुना गडी. ऐन वखरणीच्या दिवसात, बैल रोज औताला जुंपलेले असताना, माझा पोरगा मला गडी देऊन राह्यला! जो एरवी कचरूला बाजाराला सोडताना दहादा विचार करतो! तवाच माझ्या डोक्यात यायला पायजे होतं. न्हाई आलं. लेकीच्या ओढीत होते.

परतुराहून रेल, मनमाडला दुसरी रेल, हद्दीवर माझं गाठोडं उकलून बघितलं. डिंक, खारीक, जवारीचं पीठ, काळा मसाला, जुन्या लुगड्यांची धुडकी, वाटंतच पोरीची वेळ आली तर असावं म्हणून घेतलेलं. तपासणारा म्हणला, "यह सब क्या?" मी म्हणले, "बाळंतिणीचं हाय. तुला होणार असंल तर ठेवून घे." त्यानं गपचूप गाठ मारून दिली. मुंबईला धक्क्यावर आगबोट. त्या बोटीत मी पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राला देऊन टाकलं. कचरू तर दोरखंडाच्या वेटोळ्याला मिठी मारून बसला होता, डोळे गच्च मिटून.

नागवलीला बोट काठाला लागतच न्हाई. लांब उभी राहते. तिथून पडावात, म्हणजे होडीत, बसायचं, अन् पडाव बी रुतला की खलाशी बायामाणसांना खांद्यावर घेऊन वाळूत ठेवतो. एक उघडाबंब बाप्या माझ्यापुढं वाकला. मी म्हणले, "सरक तिकडं. माझ्या नवऱ्यानं मला कधी खांद्यावर घेतलं न्हाई, तू कोण लागून गेला?" अन् लुगडं खोचून पाण्यातून चालत निघाले. काठावर रामराव छत्री घेऊन उभे. त्यांच्यामागं नंदा, पोट पुढं काढून, तोंडाला पदर लावून हसत.

नंदाला बघितलं अन् माझा शिणवटा गेला. पण आधी समुद्राची ओटी भरायची होती. आम्ही गंगेला गेलो की गोदामायची ओटी भरतो, तशी मी घरून आणली होती. खण, हळद-कुंकू, बांगड्या, तांदूळ, नारळ. ओल्या वाळूवर ठेवली, हात जोडले. लाट आली अन् घेऊन गेली. मला बरं वाटलं. म्हणले, घेतली मायनं. तेवढ्यात दुसरी लाट आली अन् खण माझ्या पायाशी आणून टाकला. वाळूनं भरलेला, मीठ लागलेला.

आमची गंगा दिलेलं परत करत न्हाई. मी रामरावांना म्हणले, "हा तुमचा समुद्र घेतलेली ओटी परत करतो?"

"आई, ही भरती-ओहोटी असते. पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं."

"मंग याला एका जागी राहणं कुणी शिकवलं न्हाई."

नंदानं तो खण उचलला, पिळला अन् पदराखाली घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी म्हणले, चला, निघायची तयारी करा. रामराव म्हणाले, "आई, एवढ्या लांबून आलात, दिव्याचा मनोरा तरी बघा." बघितला. वर चढताना गुडघे मोडून आले. मी विचारलं, हा दिवा कुणासाठी? म्हणाले, जहाजांना वाट दिसावी म्हणून. म्हणजे घरच्यांना न्हाईच काही! मंग म्हणाले, उद्या अमावस्या. अमावस्येला पोटुशी बाई घराबाहेर काढायची न्हाई हे मला बी पटलं. मंग मिठागरं राह्यली. मिठागर मात्र मी नीट बघितलं, खोटं कशाला बोलू. बांध घातलेले वाफे, वाफ्यात खारं पाणी, अन् उन्हानं मीठ धरतं. शेतीच ती. एका वाफ्याचा बांध फुटायला आल्ता, तो मी तिथल्या माणसाला दाखवला. तो म्हणला, "आजी, तुम्ही कुठल्या मिठागराच्या?" मी म्हणले, "काळ्या मातीच्या."

मंग बंदरावर मासळीचा लिलाव. मंग भगवतीचं देऊळ. मंग सुरूचं बन. त्यात काय बघायचं ते मला अजून बी कळलं न्हाई, झाडाला ना फळ ना सावली, नुसतं सूं सूं करतं. दर टायमाला मी म्हणायचे, आता निघू, अन् दर टायमाला रामराव म्हणायचे, "आई, एवढं बघून घ्या." नंदा चुलीपुढं खाली मान घालून बसायची. मी म्हणायचे, "अगं, तू तरी बोल." ती म्हणायची, "दोन दिवसांनी काय बिघडतंय, माय."

बोटीचं मला काही वाटलंच न्हाई. आमच्या परतुराला रेल बारा महिने येते, पाऊस असो की थंडी. गाडी चुकली तर दुसरी येते. बोट बी तशीच असणार, असं मी धरून चालले. कोण मला सांगणार? सांगणारे सगळे एका कटातले.

रोज दारात एक कोळीण यायची, टोपलीभर मासे घेऊन. पहिल्या दिवशीच म्हणाली, "मावरं घे गो आये, ताजा हाय."

मी म्हणले, "ताजं हाय तर एवढा वास कशाचा?"

"मावऱ्याला वास नाय येनार, त काय मोगऱ्याचा येनार? तुमी काय खाता?"

"जवारीची भाकरी."

"जवारी? आमी ती कोंबऱ्यांना घालताव!"

"म्हणूनच तुमच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा शहाण्या असतील."

ती टोपली खाली ठेवून अशी हसली की आतून नंदा बघायला आली. त्या दिवसापासून आमचं जमलं. ती माझ्याशी रोज भांडून जायची, अन् नंदासाठी काही ना काही ठेवून जायची. तेवढं एक माणूस त्या गावात मला बघण्यासारखं वाटलं.

असं करता करता जेठ लागायला आला. आभाळात ढग जमायला लागले. मी म्हणले, आता बिलकुल थांबायचं न्हाई, पेरणीच्या आधी मला घरी पायजे, अन् पोरीला आठवा लागून राह्यला हाय. रामराव म्हणाले, "बस, उद्या किल्ला बघू. किल्ला न बघता नागवली सोडली असं झालं तर लोक मला काय म्हणतील? किल्ला बघा, अन् मंग तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणीन तसं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मास्तर माणूस. मी शब्द धरला.

सकाळी पाणी मागं गेलं होतं. किल्ल्यापावतर ओली वाळू अन् खडक, त्यातून चालत गेलो. मी, रामराव अन् कचरू. नंदा घरी. किल्ल्यात पडकी भिंत, एक गोड्या पाण्याची विहीर, एक तोफ. रामराव त्या तोफेविषयी बोलून राह्यले ते थांबेनात. कोणी ओतली, कोणी आणली, किती लांब गोळा जायचा. मी म्हणले, "आता चला." म्हणाले, "तटावरून देखावा बघा." तटावर चढले. म्हणाले, "ते बघा गलबत." बघितलं. म्हणाले, "तो बघा पक्षी." बघितला. कचरू एकदा पाण्याकडं बघायचा, एकदा रामरावांकडं. त्याच्या तोंडावरचं पाणी पळालेलं होतं. मला वाटलं, ह्याला पित्त झालं.

तेवढ्यात लांब धूर दिसला. आगबोट. भोंगा झाला. काठावरून पडाव तिच्याकडं निघाले, माणसांनी अन् गाठोड्यांनी भरलेले. एवढी गर्दी मी तिथं कधी बघितली नव्हती. मी म्हणले, "आज काय जत्रा हाय का?"

रामराव पुन्हा पक्षी शोधायला लागले.

खाली खडकावर आमची कोळीण काळवं, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्या, फोडत बसली होती. मी वरून हाक मारली, "अगं ए, आज एवढी माणसं कुठं निघाली?"

ती वर बघून ओरडली, "अगो आये, शेवटची आगबोट ना ती! आता नारली पुनव जाल्याबिगर बोट नाय. दर्या खवलतो. तू नाय गेलीस? मना वाटला, तू ऱ्हायाला आलीस!"

मी मागं वळून बघितलं. रामरावांची मान खाली. कचरूची मान खाली. दोन पुरुषांच्या टोप्या तेवढ्या मला दिसत होत्या.

तट उतरले, दरवाजातून बाहेर आले, घराकडं चालायला लागले. अन् पुढं पाणी! सकाळी जिथून चालत आल्ते तिथं खडक न्हाई, वाळू न्हाई, नुसतं पाणी. मी तशीच आत शिरले. गुडघ्यापावतर, मंग कंबरेपावतर. एक लाट आली अन् तिनं मला बसवलं. कचरू मागून धावला, दंड धरून ओढत मला पायऱ्यांवर आणलं. नाकातोंडात मीठ.

माणसाला राग आला तर तरातरा निघून जाता यावं की न्हाई? तेवढं बी त्या गावात करता येत न्हाई! समुद्र परवानगी देईल तवा जायचं. अन् हे सगळं त्या मास्तरानं मोजून काढलं होतं. ज्याला स्वतःच्या धोतराचा सोगा सावरता येत न्हाई, त्यानं भरतीची वेळ बघून सासूला किल्ल्यात कोंडली!

आगबोट माझ्या डोळ्यांपुढून गेली. धूर बी गेला. मी पायरीवर दोघांकडं पाठ करून बसले, लुगड्यातून पाणी गळत होतं.

"कचऱ्या."

"जी, मोठ्या बाई."

"इकडं ये."

"मला पवता येत न्हाई, बाई. ढकलणार नसाल तर येतो."

"तुला माहीत होतं?"

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुंजाराम मालकांनी शपथ घातली होती, बाई. म्हणले, मायला तिकडं पोचव, अन् बोटी बंद होईस्तोवर काही बी करून ठेवून घ्यायला रामरावांना सांग. नंदाताई बी तिथंच बरी."

"अन् तो?"

"मालक तिथंच राहणार. घर सोडायचं न्हाई म्हणतात."

"मंग मी का सोडायचं?"

कचरू टोपीचा दोरा ओढत बसला. मी म्हणले, "बोल, न्हाईतर आता ढकलते."

"बाई, त्यांना खबर होती, ती टोळी फिरून येणार हाय म्हणून. मालक म्हणले, धान्य मागितलं तर धान्य देऊ, बैल मागितले तर बैल देऊ, मान खाली घालू अन् जगू. पण माय घरात असली तर माय बोलणार. अन् ह्या बारीला माय बोलली तर पाशामियाँ बी काही करू शकणार न्हाई. तो स्वतःच येऊन मालकांना सांगून गेला, अम्मा को कहीं भेज देव."

ऐकलं का! माझ्या जिभेला भिऊन माझ्या पोरानं मला माझ्या घरातून काढलं. चोराला न्हाई काढलं, बंदूकवाल्याला न्हाई काढलं, मायला काढलं! अन् सल्ला कोणाचा, तर मला पागल म्हणणाऱ्याचा! ज्या जिभेनं त्या घराचं कूळ राखलं, भाऊबंदांना बांधावरून मागं हटवलं, सावकाराला ओसरीवरून उठवलं, तीच जीभ आता घरात नको. अन् स्वतः मात्र तिथं एकटा. चूल कोण पेटवतं, भाकरी कोण थापतं, रात्री कडी कोण लावतं? हे मी रागानंच विचारत होते, असं मी म्हणते.

रामराव मागून हळूच म्हणाले, "आई, मी खोटं बोललो न्हाई. इथं बघण्यासारखं हायच."

"मास्तर," मी म्हणले, "पाणी उतरेपर्यंत तोंड उघडू नका. माझ्या लेकीचं कुंकू हाय म्हणून आज तुम्ही वाचलात."

पाणी उतरायला दुपार कलली. तेवढा वेळ आम्ही तिघं तिथं बसलो. कोळीण काळवांची टोपली घेऊन वर आली, माझं ओलं लुगडं बघितलं, अन् पहिल्यांदा काही टोमणा न मारता माझ्याजवळ बसली.

घरी आल्यावर नंदा दारातच. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"माझ्या पोटची असून?"

"मला भाऊ एकच हाय, माय. अन् माय बी एकच हाय. मला दोघं पायजेत."

"मी उद्या गाडीरस्त्यानं जाणार. बैलगाडीनं जाईन, घाट चढीन, वर कऱ्हाडाला रेल हाय म्हणतात. मला काय पाय न्हाईत?"

सकाळी मी कचरूला गाडी ठरवायला लावली. गाठोडं बांधलं. बाळंतिणीचं सामान मात्र चुलीशेजारी काढून ठेवलं. गाडी दारात आली, मी चढून बसले. अन् मागून नंदा आली. एक हात कंबरेवर, एक हात गाडीच्या दांडीला. हूं हूं करत वर चढली अन् माझ्या शेजारी बसली.

"हे काय?"

"चल. मला न्यायलाच आल्तीस ना?"

"खाली उतर."

"न्हाई उतरत. पहिलं बाळंतपण मायच्या घरी. तूच म्हणतीस."

"अगं, घाटात गाडी आदळली तर?"

"आदळू दे. तुझ्याच मांडीवर होईल. रीत मोडायला नको."

"नंदे, तुझी जीभ लई लांब झाली."

"कोणाची घेतली असंल?"

कचरू बैलांच्या पुढं उभा होता. त्याला एकदम खोकला आला. रामराव दारात पांढरे फटक पडलेले; मला बोलावं का बायकोला बोलावं ते त्यांना कळंना. गाडीवाला म्हणाला, "जायचं की नाय? बैल तापले." नंदा समोर बघत बसली होती, हनुवटी वर करून. मी तिला नीट ओळखते. ती उतरली नसती. घाटात जीव गेला असता तरी उतरली नसती.

मी उतरले. आधी मी उतरले, मंग ती. उतरताना तिला मीच हात दिला, अन् तेवढ्यात तिच्या दंडाला एक चिमटा बी काढला, चांगला कळवळेपावतर.

कचरूला म्हणले, "तू जा. तुझी बायकापोरं तिथं हायत. पुंजारामला सांग, मायनं त्याच्यासाठी एक थोबाडीत राखून ठेवली हाय. ती घ्यायला जिता राहा म्हणावं. मेला तर मी सोडणार न्हाई."

कचरू माझ्या पाया पडला अन् गाडीत बसला. गाडी माडांच्या आड जाईपर्यंत मी तिथंच उभी.

मंग पाऊस, अन् नुसता पाऊस. घरात चुलीला ओली लाकडं, भिंतीला बुरशी, जवारीच्या पिठाला जाळी. मी कोणाशी नीट बोलत नव्हते. रामराव शाळेतून आले की मी विचारायचे, "आज काय दाखवता?" ते बिचारे पाटावर बसून मुकाट भात कालवायचे. आखाडात नंदा बाळंत झाली. सुईणीला मी हात लावू दिला न्हाई. तिला पाणी तापवायला बसवलं. मुलगी झाली. पहिल्यांदाच रडली ती अशी, की पलीकडच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. मी म्हणले, ही आपल्या घरातली. नंदानं त्या खणाचं टोपडं शिवून ठेवलं होतं, समुद्रानं परत केलेल्या. चार पाण्यानं धुतलं तरी त्याला मिठाचा वास होता.

नारळी पुनव झाली, तरी बोट लगेच सुरू झाली न्हाई. समुद्राला तिथं कोण जाब विचारणार? भादव्यात रामराव धावत घरी आले. शाळेच्या रेडिओवर ऐकलं होतं, फौजा शिरल्या, निजामाचं राज्य गेलं. गावानं पेढे वाटले. मी पेढा हातात धरून बसले. राज्य गेलं, ठीक. माझं पोरगं हाय का? ते रेडिओ सांगत न्हाई.

पहिल्या बोटीला आम्ही बसलो. मी, नंदा, तान्ही, अन् रामराव. ह्या बारीला खलाशी वाकला तवा मी त्याच्या खांद्यावर बसले. हातात नात होती. कोळणीनं काठावरून ओरडून विचारलं, "परत येशील ना गो, जवारीवाली?" मी म्हणले, "तुझ्या माशांचा वास गेल्यावर." ती डोळे पुसत होती. वाऱ्यानं असंल.

परतुराच्या ठेसनावर गाडी थांबली. फलाटावर कचरू उभा, अन् त्याच्या शेजारी एक माणूस. गालफडं बसलेली, कानशिलाला पांढरं झालेलं. मी आधी ओळखलंच न्हाई. मंग तो हसला, तवा ओळखलं.

नातीला नंदाच्या हातात दिलं. चार पावलं चालले. अन् सगळ्या ठेसनापुढं पुंजारामच्या थोबाडीत दिली. टोपी उडाली. हमाल थांबले, ठेसनमास्तर बाहेर आला. पुंजाराम गालावर हात धरून तसाच उभा. डोळ्यांतून पाणी, अन् तोंड हसरं.

"माय," तो म्हणाला, "समुद्र कसा हाय? सगळं बघितलं का?"

"सगळं बघितलं," मी म्हणले. "तुझं तोंड तेवढं बघायचं राह्यलं होतं."

बैलगाडीत बसल्यावर त्यानं सांगितलं. टोळी फिरून आल्ती. कणग्या रिकाम्या केल्या, एक बैलजोडी नेली. पाशामियाँ आमच्या ओसरीवर बसून राह्यला, म्हणून त्यांनी माणसाला हात लावला न्हाई. अन् फौजा आल्यावर बाजू पलटली. आता दुसरे लोक सूड घ्यायला पाशामियाँचं घर शोधत आले. तवा पुंजारामनं त्याला, लालबीला अन् पोरांना आमच्या रिकाम्या कणग्यांमागं ठेवलं अन् स्वतः दारात उभा राह्यला.

"दारात उभा राहून काय केलंस?" मी विचारलं.

"बोललो," तो म्हणाला. "तुझ्यासारखं. लई बोललो."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याची टोपी कानावर आल्ती, ती सरळ केली.

घरी आले तर पाशामियाँ आपल्या दारात उभा. "अम्मा, सलाम," म्हणाला. मी भिंतीकडं बघितलं. पागल म्हणला होता मला, अन् वर घरातून काढायचा सल्ला दिला होता. ते मी विसरायची न्हाई. नागवलीहून आणलेले नारळ मात्र त्याच दिवशी त्यांच्या घरी धाडले. ते लालबीसाठी होते, हे कचरूला दोनदा सांगून धाडलं.